अदृश्य, पण कोणत्या रंगात?

मिनेसोटात डिसेंबर लागला की माणसं एकमेकांना ‘कसं काय’ विचारायचं सोडून ‘किती इंच?’ असं विचारू लागतात. नवखा माणूस गडबडून पोट आत ओढतो. पण चौकशी तळ्यावरच्या बर्फाची असते. राज्याच्या निसर्गसंपत्ती खात्याने त्याचं कोष्टकच काढलं आहे. नवा, स्वच्छ, घट्ट बर्फ ४ इंच झाला की त्यावरून चालावं, ५ ते ७ इंचांवर स्नोमोबाईल न्यावी, ९-१० इंचांवर छोटी मोटार. आणि सोबत इशारा : कुठलाही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो. शहाण्या माणसाने यातून घरी बसावं असा अर्थ काढावा. मिनेसोटाचा माणूस ‘म्हणजे नव्व्याण्णव टक्के असतो’ असा अर्थ काढतो, आणि पाठोपाठ ट्रक काढतो.

मग गोठलेल्या तळ्याच्या मधोमध जायचं, ऑगर नावाच्या राक्षसी ड्रिलने हातभर खोल भोक पाडायचं, शेजारी बादली उपडी घालून तिच्यावर बसायचं आणि गळ सोडून भोकाकडे बघत राहायचं. याला इथे करमणूक म्हणतात. तळ्यांना तर तोटाच नाही. दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी राज्यात आहेत. गाड्यांच्या नंबरप्लेटवर मात्र ‘१०,००० तळी’ एवढंच लिहितात. पकडलेल्या माशाची लांबी सांगताना दोन्ही हात फाकवणारी ही माणसं तळी मोजताना वरची १,८४२ सोडून देतात. कुठे फुगवावं आणि कुठे नम्र व्हावं, याचे प्रत्येक प्रांताचे संकेत वेगळे असतात.

माझा जन्म पुण्याचा. आमच्याकडे बर्फ हा उसाच्या रसात घालायचा की नाही एवढ्यापुरताच वादाचा विषय होता, आणि मासा हा विष्णूचा पहिला अवतार होता. बायको मालवणची. तिच्या माहेरी मासा हा अवतार नसून आहार असतो. लग्नानंतर मीही यथावकाश अवताराकडून आहाराकडे वळलो. पण ही प्रगती ताटापुरतीच होती. ताटात येण्यापूर्वी मासा कुठे असतो, काय करतो, त्याला काय दिसतं, याची चौकशी मी कधी केली नव्हती. ती करायची वेळ आमच्या शेजाऱ्यांमुळे आली.

शेजारी म्हणजे सत्तरीचे आजोबा. पणजोबा नॉर्वेहून आले आणि बोलणं तिकडेच विसरून आले, असं या घराण्याचं वळण. आनंदाच्या परमावधीला त्यांच्या तोंडून ‘फार वाईट नाही’ एवढं निघतं. नातवंड झालं तेव्हा हेच म्हणाले होते. तर एका संध्याकाळी दारातलं बर्फ उपसता उपसता ते म्हणाले, “पुढच्या शनिवारी मिल लॅक्सला येतोस? काठी देतो. आमिष देतो. दोरा तेवढा तुझा तू आण.”

कोकणात त्याला तंगूस म्हणतात, एवढं मला बायकोमुळे ठाऊक होतं. तंगूस आणायचं म्हणजे काय, दुकानात जायचं, एक रीळ उचलायचं, पैसे द्यायचे, बाहेर पडायचं. असं मला वाटलं.

“दोरा हवाय,” मी दुकानात जाऊन म्हणालो.

“मोनो, फ्लुरो की ब्रेड?”

“ब्रेड नको, अळ्या लावीन म्हणतो.”

दुकानदाराने दीर्घ श्वास घेतला. माझ्यासारखी गिऱ्हाइकं त्याला रोज भेटत असावीत. मोनो म्हणजे नायलॉनची एकसंध तार. फ्लुरो म्हणजे फ्लुरोकार्बन. जड, बुडणारा, महाग. ब्रेड म्हणजे बारीक तंतूंचा विणलेला दोरा. ताकदीला उत्तम, पण तो पाणी धरतो आणि थंडीत त्याची काडी होते. मी मान डोलावत मोनो घेतला. चार पौंडी की सहा पौंडी यावर थोडी चर्चा झाली. मग तो म्हणाला, “रंग?”

“माशाला दिसणार नाही असा. अदृश्य द्या.”

“अदृश्य सहा रंगांत आहे.”

आणि त्याने खरोखरच सहा रिळं काउंटरवर मांडली. एक नितळ. एक नितळ, पण निळसर झाकेचं. एक हिरवं, ‘कमी दिसणारं’. एक धुरकट. एक तांबडं, ते पाण्यात ‘नाहीसं होतं’ म्हणे. आणि एक सोनेरी पिवळं, जे अंधाऱ्या रात्री शेजारच्या राज्यातूनही दिसलं असतं.

“हे कसं अदृश्य?”

“ते माशाला अदृश्य नाही. ते तुम्हाला दृश्य आहे.”

रंग हा माझा प्रांत नव्हे. लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानांत गादीवर बसून मी जेवढे तास काढले आहेत, तेवढ्यात दुसऱ्या कुणी पीएचडी उरकली असती. पण माझं मत ‘दोन्ही छान आहेत’ याच्यापुढे कधी सरकलं नाही. रामा आणि मोरपंखी यांत मला फरक दिसत नाही. अबोली, केशरी आणि शेंदरी यांना मी सामायिक नावाने ओळखतो. ‘ही जरा डल वाटतेय का हो?’ या प्रश्नाला हो म्हणायचं की नाही, हे मी बायकोच्या भुवईवरून ठरवतो. आणि तोच मी, दोन हातांत दोन रिळं धरून दुकानदाराला म्हणालो, “हे जरा बाहेर नेऊन दिवसाच्या उजेडात बघू का?”

“मासा कुठे उजेडात बघणार आहे?” तो म्हणाला. “दीड फूट बर्फ, त्यावर भुसभुशीत हिमाची गादी. खाली अंधारच.”

“मग रंगाने काय फरक पडतो?”

त्याने मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे छतापर्यंत रिळं रचलेली होती. मग माझ्याकडे पाहिलं. “फरक पडतो,” तो म्हणाला.

या दोऱ्याच्या टोकाला जिग लटकवायचं असतं. जिग म्हणजे शिशाचा किंवा टंगस्टनचा रंगवलेला मणी आणि त्यातून निघालेला गळ. त्याच्या रंगांची नावं ‘फायरटायगर’ आणि ‘वंडरब्रेड’ अशी. काही जिगं अंधारात चमकतात, काहींच्या पोटात खुळखुळा असतो. म्हणजे दोरा माशाला मुळीच दिसू नये म्हणून जिवाचा आटापिटा करायचा, आणि त्याच दोऱ्याच्या टोकाला तळ्यातल्या झाडून सगळ्या माशांना दिसेल असं झगझगीत लोंबकळवायचं. माशाने समजायचं काय? की हा गुलाबी, चकाकणारा, खुळखुळणारा जीव पाण्यात आपसूकच अधांतरी नाचतोय. मासा मूर्ख आहे असं मानून जिग विकतात आणि मासा हुशार आहे असं मानून दोरा. दोन्हींचं गिऱ्हाईक मात्र एकच असतं.

सहाही रिळं घेऊन मी घरी आलो. बायकोने पिशवी उघडून पाहिली. काही बोलली नाही. तिने फक्त व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला. पलीकडे सासूबाई. त्यांचं उभं आयुष्य समुद्राच्या काठी गेलेलं. मी त्यांना एकेक रीळ कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं, प्रत्येकाचा गुणधर्म सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“जावयबापू,” त्या म्हणाल्या, “दोऱ्याचो रंग कित्याक बघतास? माशाक भूक लागली तर तो खातलो, नाय लागली तर नाय खातलो. रंग बघून जेवणारो मासो मी आजून बघूक नाय.”

इथे हा विषय संपायला हवा होता. पण त्याच आठवड्यात मंडळाची संक्रांत होती.

मराठी मंडळात कुठलीही गोष्ट खाजगी राहत नाही. शनिवारच्या मोहिमेचं कळताच उपाध्यक्षांनी आणि खजिनदारांनी आपण येणार असल्याचं जाहीर केलं. उपाध्यक्ष पदार्थविज्ञानातले डॉक्टर आहेत, प्रकाश हा त्यांचा विषय. सासूबाईंचं मत मी त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, “त्यांचं निरीक्षण खाऱ्या पाण्यातलं आहे.” मग तिळगुळाचा डबा सरकवून त्यांनी टेबलावर काचेचा ग्लास ठेवला, त्यात पाणी ओतलं आणि माझ्या पिशवीतला एकेक दोरा आत सोडला.

“पाण्याचा अपवर्तनांक १.३३,” ते म्हणाले. “नायलॉनचा १.५ च्या वर. म्हणून नायलॉन पाण्यात उठून दिसतो. फ्लुरोकार्बनचा १.४२. पाण्याच्या जवळ. म्हणून तो दिसत नाही.” त्यांनी खिशातून स्वतःचा फ्लुरोकार्बन काढून ग्लासात सोडला. “बघा. दिसतोय?”

“दिसतोय,” आम्ही म्हणालो.

“माशाच्या नजरेने बघा.”

आम्ही वाकून, डोळे बारीक करून, तोंडाचा चंबू करून पाहिलं. तरी दिसत होता.

“मग तांबडा घ्या,” कुणीतरी म्हणालं. “पाणी लाल प्रकाश सगळ्यांत आधी शोषतं. थोडं खोल गेलं की लाल रंग उरतच नाही.”

“रंग उरत नाही, दोरा उरतो ना!” उपाध्यक्ष कडाडले. “लालाचा काळा होतो. काळा काय अदृश्य असतो?”

आजूबाजूला सगळ्या बायका संक्रांतीच्या काळ्या साड्या नेसून वावरत होत्या आणि त्या लांबूनही दिसत होत्या, त्यामुळे हा मुद्दा सर्वांना पटला.

खजिनदारांचं म्हणणं वेगळं होतं. उन्हाळा संपल्यावर एका दुकानाने जुना माल निम्म्या किमतीत काढला होता, त्यात त्यांना गुलाबी दोऱ्याचं मोठं रीळ मिळालं होतं. गुलाबीच का, असं विचारल्यावर ते म्हणाले, “सवलत गुलाबीवरच होती.” आमच्यापैकी ठाम कारण असलेला हा एकटाच माणूस.

वाद वाढला तशा चार-दोन महिला येऊन उभ्या राहिल्या. आमच्या हिने हिरवं रीळ उचललं, बोटांत फिरवलं. “हा काही हिरवा नाही. शेवाळी आहे.” उपाध्यक्षांच्या पत्नींनी धुरकट रीळ बघून सांगितलं, “हा मोतिया. जरा मळलेला.” निळसर झाकेचा आकाशी निघाला, सोनेरी लिंबू ठरला, आणि ज्याला आम्ही तांबडा म्हणत होतो तो डाळिंबी असल्याचं एकमुखाने जाहीर झालं. इतका वेळ जे चाललं होतं, त्याचा निकाल त्यांनी एका मिनिटात लावला. “छान आहेत सगळे,” बायको म्हणाली. “फॉल-पिको कुठे करून घेणार?”

शनिवारी पहाटे बाहेर उणे २६ अंश सेल्सियस होतं. उणे ४० ला सेल्सियस आणि फॅरनहाइट या दोन्ही मोजपट्ट्यांचं एकमत होतं; मराठी माणसांचं एकमत व्हायला लागणारं तापमान अद्याप कुठे नोंदलं गेलेलं नाही. मिल लॅक्स हे पाचशे चौरस किलोमीटरांहून मोठं तळं, पण सगळ्यांत खोल जागीही जेमतेम ४२ फूट. हिवाळ्यात त्यावर लाकडी खोल्यांचं, तंबूंचं गाव वसतं, रस्ते आखतात, वळणांवर पाट्या लागतात. आजोबांची खोली लहानशी, आत गॅसची शेगडी, कॉफीची किटली आणि जमिनीत चार भोकं. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, त्यामुळे खाली तळाशी बसलेले मासे ४ अंशांच्या आसपास निवांत होते. म्हणजे दारात उभ्या असलेल्या आमच्यापेक्षा ३० अंशांनी उबेत. शिकार करायला आलेल्यांपेक्षा शिकारीची सोय उत्तम होती.

आजोबांनी स्वतःची काठी काढली. दोरा लिंबू रंगाचा, टोकाला फ्लुरोकार्बनचा हातभर तुकडा जोडलेला.

“हाच का?” मी विचारलं.

“मला दिसतो,” आजोबा म्हणाले. दोरा जरासा सैल पडला, जागच्या जागी थरथरला, की मासा तोंड लावतोय हे ओळखायचं. ते ओळखायला दोरा दिसायला हवा. आणि माशासमोर काय आहे? तो टोकाचा तुकडा. एवढा सरळ विचार तीन मराठी माणसांना संक्रांतीपासून सुचला नव्हता, कारण तिघेही माशाच्या बाजूने विचार करत होते.

“पण वॉलायचे डोळे...” उपाध्यक्षांनी सुरुवात केली. वॉलाय हा इथला लाडका मासा. १९६५ सालापासून राज्याचा अधिकृत मासा. त्याच्या डोळ्यांत मागे एक परावर्तक पडदा असतो, त्यामुळे त्याला अंधुक प्रकाशातही नीट दिसतं. रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या. एकीला हिरवा चांगला दिसतो, दुसरीला नारिंगी-तांबडा. “म्हणजे निळ्याच्या बाबतीत तो अधू. म्हणजे निळसर झाकेचा...”

“तुझा मित्र काय म्हणतोय?” आजोबांनी विचारलं.

“माशाला निळं नीट दिसत नाही म्हणतोय.”

आजोबांनी कॉफीचा घोट घेतला. “त्याने कधी तक्रार केली नाही,” ते म्हणाले.

मग गाठी मारायची वेळ आली. जिगचं नेढं खसखशीच्या दाण्याएवढं. चार पौंडी दोरा साधारण ०.२ मिलिमीटर जाड. तो नेढ्यातून ओवायचा, स्वतःभोवतीच पाच पीळ द्यायचे, टोक पहिल्या फासातून मागे काढायचं, घर्षणाने जळू नये म्हणून थुंकीने ओलं करायचं आणि हळूच ओढायचं. हातमोजे घालून हे जमत नाही. हातमोजे काढले की बोटं आपली राहत नाहीत. चष्मा आत आला की धुरकटतो, पुसला की गोठतो. पायाखाली पांढरं बर्फ, भिंती पांढऱ्या, आणि उपाध्यक्षांच्या हातात जगातला सर्वांत नितळ फ्लुरोकार्बन. तो इतका उत्तम दर्जाचा अदृश्य होता की हातात आहे की पडलाय, हे त्यांना सांगता येईना. दोन-तीनदा त्यांनी निव्वळ हवेला निरगाठ मारली आणि ती घट्ट बसल्याचं समाधानही व्यक्त केलं. शेवटी आजोबांनी चष्मा न लावता, एका हातात कॉफी धरून, दातांच्या मदतीने सगळ्यांच्या गाठी मारून दिल्या.

मिनेसोटात उन्हाळ्यात एका माणसाने एकच गळ टाकायचा, हिवाळ्यात बर्फातून दोन टाकायला परवानगी. म्हणजे थंडीत माणसाला एकाच वेळी दोन मतं बाळगता येतात. आम्ही या सवलतीचा पूर्ण फायदा घेतला. चार भोकांत आठ दोरे : शेवाळी, आकाशी, मोतिया, डाळिंबी, एक नितळ, एक गुलाबी, आजोबांचा लिंबू आणि आठवा जोडाजोडीचा. आजोबांनी दुसरा गळ टाकला नव्हता, तो वाटा खजिनदारांनी मागून घेतला आणि त्यावर सुटे राहिलेले सगळ्या रंगांचे तुकडे जोडून लावले. वाया कशाला घालवायचे?

तासाभराने उपाध्यक्ष एकदम ओरडले, “लागला! लागला!”

त्यांची काठी पार वाकली होती. रीळ करकरत होतं. दोरा सुरुवातीला खाली जातोय असं वाटलं, मग तो आडवा धावू लागला. उपाध्यक्ष ढील देत होते, ओढत होते, पुन्हा ढील देत होते. “मोठा आहे! दाराकडे चाललाय!” मासा दाराकडे कसा जाईल हा प्रश्न त्या क्षणी कुणाला पडला नाही. त्यांनी सगळा जोर लावून ओढलं, आणि दारात कॉफीच्या किटलीसकट खजिनदार मागच्या मागे बसले. नितळ दोरा जमिनीवर सैल पडला होता, खजिनदार त्यात पाय घालून कॉफी आणायला निघाले होते, आणि जिग त्यांच्या बुटाच्या लेसमध्ये रुतलं होतं. चार पौंडी दोऱ्याने नव्वद किलोंचा ऐवज बांधून आणला होता. मंडळाच्या इतिहासात खजिनदार प्रत्यक्ष हाती लागण्याची ही पहिलीच वेळ.

“दोरा दिसला नाही मला,” खजिनदार उठताना म्हणाले.

“हेच तर मी सांगत होतो!” उपाध्यक्ष आनंदाने म्हणाले.

तिकडे ब्रेनर्डजवळ गल लेकवर दर हिवाळ्यात मोठी स्पर्धा भरते. हजारो माणसं एका खाडीत शेजारी शेजारी बसून हजारो भोकांत गळ सोडतात, आणि ज्याला मासा लागतो त्याच्याभोवती क्षणात गर्दी जमते. ‘केवढा?’ हा पहिला प्रश्न, ‘कोणत्या रंगावर?’ हा दुसरा. १९९३ चा ‘ग्रम्पी ओल्ड मेन’ हा चित्रपटही इथल्याच वबाशा गावात घडतो : शेजारी राहणारे दोन म्हातारे बर्फावर गळ टाकून बसतात आणि जन्मभर एकमेकांशी भांडतात. बाहेरचे लोक त्याला विनोदी चित्रपट म्हणतात. इथे तो माहितीपट म्हणून बघतात.

दुपारी आजोबांनी फ्लॅशर सुरू केला. हे सोनार यंत्र. त्याच्या गोल तबकडीवर तळ दिसतो, आपलं जिग दिसतं आणि मासा आला की तोही रेघेच्या रूपाने दिसतो : कडेला असला तर हिरवा, जवळ आला की नारिंगी, बरोबर खाली आला की लाल. मध्येच खजिनदारांच्या भोकाखाली एक हिरवी रेघ उगवली. ती नारिंगी झाली. लाल झाली. जिगच्या अगदी जवळ येऊन थांबली.

“बघितलंत? आकाशीकडे आला,” उपाध्यक्ष कुजबुजले.

“आकाशी पलीकडच्या भोकात आहे,” मी म्हणालो. “हा शेवाळीकडे आलाय.”

“सरळ सरळ गुलाबीखाली आहे,” खजिनदार म्हणाले. “सवलतीतला होता म्हणून तुम्हाला मान्य करवत नाही.”

“प्रश्न किमतीचा नाही, तरंगलांबीचा आहे.”

“मग तुमची तरंगलांबी सकाळपासून काय करत होती? माझ्या बुटात होती!”

आवाज चढले. मी दोघांना समजावण्यासाठी संक्रांतीचे दोन तिळगूळ खिशातून काढले. ते दगडासारखे गोठले होते आणि गोड बोलण्याच्या कामाचे राहिले नव्हते. एवढ्यात मागे ‘खर्रर्र’ असा आवाज झाला. आम्ही वळून पाहिलं. खजिनदारांची काठी बादलीवरून उडाली, बर्फावरून घसरली, भोकाशी एकदा उभी राहिली आणि मुठीसकट, रिळासकट, गुलाबी दोऱ्यासकट डुबुककन आत गेली. पाण्यावर एक बुडबुडा आला.

कुणीच काही बोललं नाही. मग सगळे एकदम बोलले.

उपाध्यक्षांच्या मते हा त्यांच्या सिद्धान्ताचा विजय होता. माशाला दोरा दिसला असता तर तो आमिषाच्या वाटेला गेलाच नसता. गुलाबी हा तांबड्याचाच पातळ अवतार असल्याने खोलवर तो जवळपास फ्लुरोकार्बनच होतो, असंही त्यांनी सुचवलं. मासा वॉलाय होता की पाईक, यावर मतभेद झाले. खजिनदार गुडघ्यांवर बसून भोकात डोकावत होते. “काठी आजोबांची होती,” ते हळूच म्हणाले. “रीळ निम्म्या किमतीत माझं. हे मंडळाच्या क्रीडाखर्चात दाखवता येईल का?”

आजोबांनी आपल्या लिंबू दोऱ्याकडे पाहिलं. तो जरासा थरथरला. त्यांनी मनगटाला हलकासा झटका दिला, रीळ फिरवलं आणि दीड फुटी वॉलाय वर काढून बर्फावर ठेवला. मोठा नव्हता, पण होता. त्याचे ते चंदेरी डोळे आमच्याकडे रोखलेले. उपाध्यक्षांनी टॉर्च काढला आणि खाली वाकून त्याच्या डोळ्यांचा परावर्तक पडदा बघू लागले. खजिनदारांनी लगेच सहाही रिळं त्याच्यासमोर एका ओळीत मांडली. कुठल्याकडे बघतो ते पाहू म्हणाले. मासा कुठल्याच रिळाकडे बघेना.

“फार वाईट नाही,” आजोबा म्हणाले.

पुढच्या रविवारी मंडळाची सभा झाली. तिचं इतिवृत्त सचिवांनी सर्वांना पाठवलं आहे, ते असं : बर्फावरील मत्स्यविहारासाठी दोऱ्याचा रंग निश्चित करण्याकरिता पाच सदस्यांची उपसमिती नेमण्यात येत आहे, तीत रंगांची नावं समजणारी किमान एक महिला असावी, ही सूचना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. उपाध्यक्ष अपवर्तनांकावर सचित्र व्याख्यान देतील, चहा मंडळातर्फे. रंग कोणताही ठरला तरी पावती आणावी, ही खजिनदारांची दुरुस्ती स्वीकारण्यात आली. बुडालेल्या काठीबद्दल दुखवट्याचा ठराव अध्यक्षांनी नियमाबाह्य ठरवला. विषयपत्रिकेवरील शेवटचा विषय, ‘मासे पकडणे’, वेळेअभावी पुढील सभेकडे सोपवण्यात आला.